थिजलेले टपाल

टपालाची रखडपट्टी माणसाला नवी नाही. जासूद वाटेत अडला, नदीला पूर आला, मुलूख धामधुमीचा होता, अशा कारणांनी पत्रे उशिरा पोहोचल्याचे उल्लेख जुन्या कागदपत्रांत सापडतात. पण पत्र सुखरूप घरी आले आहे, पेटीतही पडले आहे, आणि तरी पेटीच उघडत नाही, हा प्रकार मात्र संगणकाच्या युगाचा. ज्यांनी आपल्या टेबलावरच्या संगणकात ई-मेलचा प्रोग्राम ठेवलेला आहे, त्यांना तो सांगावयास नको. पडद्यावर पत्रांची यादी दिसत असते. एका ओळीवर टिचकी मारावी, तर पत्र उघडत नाही. बाणाच्या जागी चक्र फिरू लागते, खिडकी पांढुरकी पडते आणि वरच्या पट्टीत 'प्रतिसाद देत नाही' अशा अर्थाचे शब्द उमटतात.

आपल्याकडे ह्याला सरसकट 'हँग झाला' असे म्हणतात, आणि त्यावरचा एकच इलाज सर्वांना ठाऊक असतो : बंद करून पुन्हा चालू करणे. हा इलाज कधी लागू पडतो, कधी पडत नाही, आणि कधी मूळ दुखण्यापेक्षा महाग पडतो. कारण लिहिता लिहिता मध्येच तोडलेल्या त्या फाईलमध्ये एखाद्या घराची दहावीस वर्षांची पत्रे असतात.

ह्या दुखण्याकडे आपण बहुधा दुरुस्तीवाल्याच्या नजरेने पाहतो. पण त्याला इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीही नीट होत नाही. प्रोग्राम आज थिजतो त्याची मुळे तीन जुन्या निर्णयांत आहेत. सगळी पत्रे एकाच फाईलमध्ये एकामागून एक ठेवावयाची, हा पहिला. त्या फाईलची यादी निराळी ठेवावयाची, हा दुसरा. आणि जो हात यादी दाखवितो त्याच हाताने टपालही आणावयाचे, हा तिसरा. हे तिन्ही निर्णय आपापल्या काळी शहाणपणाचे होते. तो शहाणपणा कोणता होता आणि तो पुढे अडचणीचा कसा झाला, हेच येथे पाहावयाचे आहे.

२

संगणकावरील टपालाचा आरंभ दोन यंत्रांमध्ये झाला नाही. तो एकाच यंत्रावर झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सीटीएसएस नावाची व्यवस्था होती. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, अशी ती योजना. तेथे १९६५ साली टॉम व्हॅन व्ह्लेक आणि नोएल मॉरिस ह्या दोघांनी 'मेल' नावाची आज्ञा लिहिली. एकाने दुसऱ्यासाठी निरोप लिहून ठेवावा आणि दुसऱ्याने सवडीने वाचावा, एवढाच तिचा व्याप.

१९७१ मध्ये केंब्रिज गावच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ह्या संस्थेत रे टॉमलिन्सन ह्या अभियंत्याने ह्या टपालाला दाराबाहेर काढले. त्याच्या हाताशी दोन प्रोग्राम होते. 'एसएनडीएमएसजी' हा त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या माणसाच्या पेटीत निरोप टाकीत असे, आणि 'सीपीवायनेट' हा अर्पानेटच्या तारांवरून एका यंत्रावरची फाईल दुसऱ्या यंत्रावर नेत असे. टॉमलिन्सनने दोहोंची सांगड घातली. निरोप पाठविणारे आणि घेणारे यंत्र शेजारी शेजारीच उभे होते, पण त्यांच्यामधला संबंध अर्पानेटमार्फतच होता. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव ह्यांच्यामध्ये त्याने '@' हे चिन्ह घातले, आणि ते आज पोराटोरांच्याही ओळखीचे आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र ते चिन्ह नव्हे. टॉमलिन्सनच्या लेखी टपालपेटी म्हणजे एक साधी फाईल होती. तिचे वैशिष्ट्य एवढेच, की इतरांना तिच्या शेवटी मजकूर जोडता येई. आधीचा मजकूर वाचता येत नसे किंवा त्यावर लिहिता येत नसे. 'सीपीवायनेट'ला फाईल नेता येत होती, पण फाईलच्या शेपटीला जोडता येत नव्हते. ती सोय त्याने केली. दाराच्या फटीतून पत्र आत सरकवावे, तशी ही रीत.

पुढे युनिक्स व्यवस्थेत हीच रीत रूढ झाली. सगळी पत्रे एका लांबलचक फाईलमध्ये, आणि नवे पत्र कोठे सुरू होते हे ओळखावयाचे ते 'फ्रॉम' ह्या इंग्रजी शब्दाने आणि त्यापुढील मोकळ्या जागेने सुरू होणाऱ्या ओळीवरून. ह्या घडणीला 'एमबॉक्स' म्हणतात. एखाद्या भल्या माणसाने पत्राच्या मजकुरातच 'फ्रॉम'ने एखादी ओळ सुरू केली, तर यंत्राला ते नवे पत्र वाटू नये म्हणून त्या ओळीमागे एक बाणाचे चिन्ह चिकटविण्याची प्रथा पडली. जुन्या इंग्रजी ई-मेलांत हे चिन्ह अधूनमधून उगाचच डोकावते, त्याचा उगम हा असा आहे.

दिवसाला पाचदहा निरोप येत, त्या काळात ह्याहून सोपी आणि टिकाऊ योजना शोधून सापडली नसती. फाईल साधी अक्षरांची. कोणत्याही यंत्रावर उघडावी आणि वाचावी. तिच्यातला दोष तेव्हा दिसणे शक्य नव्हते. अशा फाईलमधले शेवटचे पत्र काढावयाचे तर पहिल्यापासून सीमा शोधीत जावे लागते, आणि मधले एक पत्र काढून टाकावयाचे तर त्यापुढचा सगळा मजकूर पुन्हा लिहून काढावा लागतो.

३

पहिली अडचण फार लौकर जाणवली. आरंभीच्या प्रोग्रामांत पेटी वाचणे म्हणजे सारीच्या सारी फाईल पहिल्यापासून समोर ओतून घेणे. अर्पा ह्या सरकारी संस्थेत संगणकविषयक कामाचे प्रमुख असलेले लॉरेन्स रॉबर्ट्स ह्यांनी १९७२ मध्ये 'आरडी' नावाचा प्रोग्राम लिहिला. आधी पत्रांची यादी दाखवावी, मग हवे ते पत्र उघडावे, नको ते काढावे, हवे ते निराळे ठेवावे, हे त्याने प्रथम साधले. आज आपण जी यादी पाहतो तिचे हे मूळ.

टेबलावरच्या संगणकाची पाळी त्यानंतर आली. १९८४ ते १९८८ ह्या वर्षांत 'पॉप' नावाच्या संकेताच्या तीन आवृत्त्या झाल्या. त्याचे तत्त्व पोस्टाच्या खिडकीसारखे : दूरच्या यंत्रावर जावे, आपले टपाल उचलावे, घरी आणावे आणि संबंध तोडावा. त्याच सुमारास, १९८६ मध्ये, स्टॅनफर्ड येथे मार्क क्रिस्पिन ह्यांनी 'आयमॅप' हा निराळा संकेत आखला. त्यात टपाल दूरच्या यंत्रावरच राहते आणि आपण ते तेथे जाऊन पाहतो. 'पॉप' आणि 'आयमॅप' ह्यांच्यातला हा भेद वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः पत्र कोणाच्या घरात राहावयाचे, ह्या प्रश्नाची ती दोन उत्तरे आहेत.

१९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर ह्यांनी मॅकिन्टॉशसाठी 'युडोरा' हा प्रोग्राम लिहिला. युडोरा वेल्टी ह्या अमेरिकन लेखिकेने पोस्टात मुक्काम हलविणाऱ्या एका बाईची गोष्ट लिहिली होती. त्या गोष्टीवरून डॉर्नरनी हे नाव घेतले. युडोराने प्रत्येक पेटीमागे दोन फाइली ठेवल्या : एकीत पत्रे, दुसरीत त्यांची अनुक्रमणिका. कोणते पत्र कितव्या अक्षरापासून सुरू होते, कोणाचे, कोणत्या तारखेचे, हे सारे दुसरीत. त्यामुळे यादी चटकन दिसे आणि मूळ फाईल पहिल्यापासून वाचावी लागत नसे. हाच तो दुसरा निर्णय.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही आरंभीची शहरे. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडावयाचा, तो बराच वेळ किरकिरावयाचा आणि मग जोडणी मिळावयाची. तासांचा हिशेब एकीकडे आणि फोनचे बिल दुसरीकडे. अशा स्थितीत टपाल झटपट उतरवून घेणे, तार सोडणे आणि मग निवांत वाचणे, ही चैन नव्हती, काटकसर होती. टेबलावरचा ई-मेल प्रोग्राम मध्यमवर्गीय घरात रुजला तो ह्या काटकसरीमुळे.

पण मूळ कागद आणि यादी निराळी झाली, की दोहोंत फरक पडण्याचा संभव आलाच. दप्तरातून कागद हलले आणि यादी तशीच राहिली, तर शोधणाऱ्याचे काय होते, हे पुण्यातल्या कोणाही संशोधकाला विचारावे. ई-मेल प्रोग्रामाचेही तसेच होते. वीज गेली, प्रोग्राम मध्येच मेला, यादी अर्धवट राहिली. पुढच्या वेळी प्रोग्राम यादीवर विसंबून पत्र शोधावयास जातो आणि भलत्याच जागी उघडतो. मग तो यादी नव्याने रचू लागतो, आणि तेवढा वेळ आपल्याला तो थिजलेला दिसतो.

हाच प्रकार पत्र काढून टाकण्याचा. मधले पत्र खरोखर काढावयाचे तर सारी फाईल पुन्हा लिहावी लागणार. म्हणून प्रोग्राम त्या पत्रावर नुसती काट मारतो आणि यादीतून ते नाहीसे करतो. पत्र जागेवरच असते. अशी मेलेली पत्रे साठत जातात, फाईल फुगत जाते, आणि कधीतरी ती आवळून घ्यावी लागते. थंडरबर्डसारख्या प्रोग्रामात ह्या आवळण्याची निराळी आज्ञाच आहे, आणि पुष्कळांना ती ठाऊक नसते.

४

फाईल फुगण्याचे कारण केवळ पत्रांची संख्या नव्हे. १९९२ च्या जून महिन्यात नेथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड ह्यांनी 'माइम' नावाचा संकेत प्रसिद्ध केला. त्याआधी ई-मेल म्हणजे इंग्रजी अक्षरांचा साधा मजकूर. 'माइम'मुळे त्यासोबत चित्र, ध्वनी, हवी ती फाईल आणि कोणतीही लिपी पाठविता येऊ लागली. मराठी अक्षर ई-मेलमधून जाऊ लागले त्याच्यामागे हा संकेतही आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण जुने मार्ग अक्षरांपुरतेच होते. तेव्हा छायाचित्राचे दर तीन बाइट चार अक्षरांत बदलून पाठवावयाचे, अशी युक्ती काढली गेली. तीन शेर धान्य चार शेरांच्या पोत्यात भरावे, तसे हे झाले. लग्नाची छायाचित्रे तृतीयांशाने फुगून पेटीत पडू लागली.

फुगणाऱ्या फाईलला कोठे तरी भिंत लागणार होती. मायक्रोसॉफ्टचा 'आउटलुक' १९९७ साली बाजारात आला. त्याची 'पीएसटी' नावाची एकच फाईल पत्रे, पत्ते, भेटींच्या नोंदी असे सारे पोटात घेई. जुन्या पद्धतीच्या पीएसटीला २ गिगाबाइटची मर्यादा होती, म्हणजे २,१४,७४,८३,६४८ बाइटची. हा आकडा दोनाचा एकतिसावा घात आहे. बत्तीस बिटांत हिशेब ठेवणाऱ्या त्या काळच्या प्रोग्रामांना तो वारंवार आडवा येत असे. सन २००२ पर्यंतच्या आउटलुकमध्ये ही भिंत जवळ आल्याची सूचनाही मिळत नसे. प्रोग्राम आधी मंदावे, मग अडे, आणि एके दिवशी फाईल उघडेनाशी होई. त्यावर मायक्रोसॉफ्टने जे साधन दिले ते मोठे उद्बोधक आहे : ते फाईलची नक्कल करी आणि त्या नकलेचा काही भाग कापून टाकी, म्हणजे उरलेली उघडावी. कापलेल्या भागातली पत्रे अर्थातच गेली. आउटलुक २००३ मध्ये नवी पद्धत आली आणि मर्यादा २० गिगाबाइटवर गेली; २०१० मध्ये ती ५० वर गेली.

'आउटलुक एक्स्प्रेस' ह्या धाकट्या भावाची तऱ्हा निराळी. २००४ च्या सुधारणेनंतर तो शंभर वेळा बंद केला, की आवळणी करू का, असे विचारी. लोक हो म्हणत, काम लांबले की तो हँग झाला असे समजत, आणि मध्येच त्याचा गळा दाबीत. फाईल अर्धी जुनी आणि अर्धी नवी, अशा अवस्थेत सापडे आणि पेट्या रिकाम्या दिसू लागत. प्रोग्राम थिजला होता असे नव्हे. तो काम करीत होता आणि तसे त्याला सांगता येत नव्हते.

५

ते का सांगता येत नव्हते, हा तिसऱ्या निर्णयाचा भाग, आणि ह्यात एक गमतीचा योग आहे. विंडोज व्यवस्थेत प्रत्येक प्रोग्राम स्वतःच टपालावर चालतो. आपण कळ दाबली, बाण हलविला, खिडकी सरकवली, की त्या प्रत्येक गोष्टीचा एक निरोप तयार होतो आणि तो प्रोग्रामाच्या रांगेत जाऊन पडतो. प्रोग्रामाने ही रांग सतत उपसत राहावयाचे असते. त्याने सुमारे पाच सेकंद रांगेकडे पाहिलेच नाही, तर विंडोज त्याला प्रतिसाद न देणारा ठरविते. म्हणजे टपालाचा प्रोग्राम थिजतो तेव्हा त्याने आपले स्वतःचे टपाल उघडणे थांबविलेले असते.

एकुलत्या एका कारकुनाचे पोस्ट डोळ्यांपुढे आणावे. खिडकीवर तोच, थैल्या आणणारा तोच, नोंदवहीही त्याचीच. थैली आणावयास तो स्थानकावर गेला आणि गाडी उशिरा आली, तर खिडकीवर रांग वाढत जाणार. जुने ई-मेल प्रोग्राम असेच होते. दूरच्या यंत्राकडून उत्तर येईपर्यंत, अजस्र फाईल वाचून होईपर्यंत, तो एकच हात अडकून पडे. विंडोज ३.१ च्या काळात तर एका कारकुनाने सारा बाजार अडवून धरावा अशी स्थिती होती. कारण तेथे एका प्रोग्रामाने आपण होऊन पाळी सोडली तरच दुसऱ्याला मिळे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज ९५ ने नव्या प्रोग्रामांपुरती तरी पाळी सक्तीची केली. त्यानंतर प्रोग्राम थिजला तरी यंत्र बहुधा चालू राहू लागले. पुढे प्रोग्रामांत निरनिराळी कामे निरनिराळ्या हातांकडे दिली जाऊ लागली. परंतु जुनी घडण एकदम बदलत नाही, आणि सगळे हात शेवटी त्याच एका फाईलपाशी येऊन एकमेकांची वाट पाहतात.

ह्या अडचणीवर उतारा सुचला नव्हता असे नाही. गणितज्ञ डॅनियल बर्नस्टीन ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात 'मेलडिर' ही पद्धत काढली : प्रत्येक पत्राची निराळी फाईल. एक पत्र काढले तर दुसऱ्याला धक्का नाही, दोघांना एकाच फाईलसाठी झगडावयास नको. पण लाखभर पत्रांच्या लाखभर फाइली सांभाळणे हेही सोपे नसते, आणि टेबलावरचे प्रमुख प्रोग्राम आपल्या जुन्या वळणावर राहिले.

६

एवढा इतिहास डोळ्यांपुढे असला, की इलाजाचा क्रम आपोआप ठरतो.

पहिली गोष्ट थांबण्याची. यंत्राची तबकडी चालू असेल, दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा आवळणी किंवा यादीची रचना चाललेली असते. तिला अवधी द्यावा. दुसरी गोष्ट नकलेची. काहीही दुरुस्त करण्यापूर्वी प्रोग्राम बंद करून त्याच्या साऱ्या फाइलींची नक्कल दुसऱ्या जागी ठेवावी. कापून दुरुस्त करणाऱ्या साधनाची हकीकत वर आलीच आहे. मूळ प्रतीवर प्रयोग करू नयेत, हा नियम संशोधकांइतकाच येथेही खरा आहे.

मग दोष कोणाचा, ते पाहावे. आउटलुक आणि थंडरबर्ड दोहोंतही जोडप्रोग्राम वगळून चालविण्याची सोय आहे. तसे चालविल्यावर थिजणे थांबले, तर दोष पाहुण्यांचा. त्यांतले अर्धे बाहेर काढावे, पुन्हा पाहावे, आणि असे अर्धे अर्धे करीत नेमक्या अपराध्यापर्यंत जावे. तरीही थिजत असेल तर इंटरनेट तोडून पाहावे. मग तो सुरळीत चालला, तर दुखणे दूरच्या यंत्राच्या वाट पाहण्यात आहे, फाईलमध्ये नाही.

फाईलचेच दुखणे असेल, तर आधी यादीकडे वळावे. थंडरबर्डमध्ये पत्रांची फाईल निराळी आणि 'एमएसएफ' नावाची यादी निराळी असते. २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून शोधासाठी आणखी एक मोठी अनुक्रमणिका आली. ह्या याद्या काढून टाकल्या तरी प्रोग्राम मूळ पत्रांवरून त्या पुन्हा रचतो. मूळ कोणते आणि यादी कोणती, हे मात्र पक्के ठाऊक असले पाहिजे. यादी समजून मूळ फाईल पुसणारे लोक थोडे नाहीत. आउटलुकसाठी दुरुस्तीचे साधन त्याच्याबरोबरच येते. त्यानंतर आवळणी, ती करताना तबकडीवर निदान त्या फाईलइतकी जागा मोकळी हवी.

विषाणू शोधणाऱ्या प्रोग्रामाकडेही नजर टाकावी. नवे पत्र आले की तो सारी फाईल धुंडाळू लागतो, आणि तोवर ई-मेल प्रोग्राम दाराशी उभा. त्याहून वाईट म्हणजे एका पत्रात विषाणू दिसला म्हणून तो कधी अख्खी पेटीच बंदोबस्तात टाकतो. कारण त्याच्या लेखी ती एकच फाईल असते. आणि शेवटी सवयीचा प्रश्न. येणाऱ्या टपालाच्या पेटीत वर्षानुवर्षे सारे साठवू नये. वर्षवार पेट्या करून जुने हलवावे. फाईल लहान असली, की वर सांगितलेले सगळेच त्रास लहान होतात.

७

कोणी विचारील, की एवढा खटाटोप कशासाठी? १ एप्रिल २००४ रोजी गूगलने 'जीमेल' आणले. दुसरे लोक २ किंवा ४ मेगाबाइट देत असताना त्याने १ गिगाबाइट दिला, आणि पत्र काढून टाकण्याची सवयच मोडली. ब्राउझर उघडावा, पत्रे वाचावीत; फाईल कोठे आहे, यादी कशी आहे, ह्याची काळजी दुसऱ्याने करावी. पुष्कळांनी हा मार्ग धरला, आणि टेबलावरच्या प्रोग्रामांचे दिवस फिरले. युडोराचे हक्क १९९१ पासून क्वालकॉम कंपनीकडे होते; तिने २००६ मध्ये ते काम थांबविले. डिसेंबर २००४ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या थंडरबर्डकडे मोझिलाने २०१२ मध्ये जवळजवळ पाठ फिरविली होती; पुढे वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तो सावरला.

थिजणाऱ्या प्रोग्रामाला वैतागून घर बदलणाऱ्याला दोष देता येत नाही. पण त्या घरबदलात काय सुटते, ते पाहिले पाहिजे. दुसऱ्याच्या यंत्रावरचे पत्र आपल्याला दिसते ते त्याच्या मर्जीपर्यंत. खाते बंद पडले, संकेतशब्द हरवला, कंपनीचे धोरण पालटले, की पत्रांची वाट बंद. राजवाडे वाईला गेले तेव्हा त्यांना पेट्यांतून, माळ्यांवरून कागद मिळाले, कारण ते कोणाच्या तरी घरात होते. १८९८ मध्ये त्यांनी साधनांचा पहिला खंड काढला तो अशा घरगुती कागदांच्या बळावर. आपल्या काळचा घरगुती कागद म्हणजे हे ई-मेल. ब्रिटिश लायब्ररीने २०११ मध्ये वेंडी कोप ह्या कवयित्रीचे दप्तर विकत घेतले, त्यात सुमारे ४०,००० ई-मेल होते. मोठ्या लेखकांचे असे जतन होईल. मुंबईहून न्यू जर्सीला गेलेल्या मुलाने १९९८ मध्ये आईवडिलांना रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी पत्रांचे कोण करणार?

युडोरा बंद पडल्यावर बारा वर्षांनी, २०१८ मध्ये, कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने त्याचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. युडोरातली जुनी पत्रे वाचावयास त्याचीही गरज पडत नाही. ती पत्रे साध्या अक्षरांच्या फाईलमध्ये, एकामागून एक, टॉमलिन्सनच्या काळापासून चालत आलेल्या रीतीनेच लिहिलेली असतात, आणि कोणत्याही संगणकावर मजकूर लिहावयाच्या साध्या साधनात उघडतात. ज्या घडणीमुळे प्रोग्राम थिजतो, त्याच घडणीमुळे प्रोग्राम मेल्यावरही पत्रे उरतात. म्हणून आठवड्यातून एकदा त्या फाईलची नक्कल करावी, वर्षातून एकदा जुनी पत्रे निराळ्या पेटीत लावावीत, आणि ती पेटी कोठे ठेवली आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.